ठिणगीशी वैर आणि ठिणगीशी सख्य

पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगाव मागे टाकून पूर्वेकडे वळले, की द्राक्षांच्या बागा आणि उसाचे फड यांच्यामधून आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या महाकाय जाळीदार थाळ्या दिसू लागतात. जुन्नर तालुक्यातील खोडद हे गाव जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक आहे ते या थाळ्यांमुळे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९०च्या दशकात येथे 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' ही दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. त्यांपैकी १४ खोडदजवळच्या सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात, तर उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या. या विस्तारातील दोन टोकांच्या थाळ्यांमधील कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे.

दूरच्या दीर्घिका, स्पंदक तारे आणि हायड्रोजनचे ढग यांच्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ही दुर्बीण टिपते. त्या कमालीच्या क्षीण असतात. म्हणून खोडदला शांतता लागते; पण ती कानांना जाणवणारी शांतता नव्हे. शेजारच्या शेतातील डिझेल ट्रॅक्टरची धडधड दुर्बिणीला ऐकूही येत नाही. विजेच्या खांबावरील एखादा सैल जोड मात्र तिला बेजार करू शकतो, कारण तेथे ठिणगी उडते. विजेची प्रत्येक ठिणगी म्हणजे क्षणभराचे नभोवाणी केंद्रच असते, आणि हे केंद्र एकाच नव्हे, तर असंख्य कंप्रतांवर एकाच वेळी ओरडते. येथे येणाऱ्या पाहुण्यांना मोबाइल बंद करावे लागतात, परिसरातील उद्योगांवर निर्बंध आहेत, आणि प्रस्तावित पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीचा फेरविचार करण्याची वेळ आली तीही या शांततेपायीच.

ही शांतता मोडायला रेल्वेच हवी असे नाही. रिमोटवर चालणारा, बॅटरीवरचा जुना खेळण्यातील ट्रकही पुरेसा आहे. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७९ साली 'सँड स्कॉर्चर' आणि 'रफ रायडर' या खडबडीत जमिनीवर धावणाऱ्या गाड्या काढल्या आणि एका नव्या छंदाची लाट आली. पाठोपाठ टोयोटा हायलक्सची प्रतिकृती असलेला ट्रक आला. १९८७ साली प्रचंड चाकांचा 'क्लॉड बस्टर' आला. खऱ्या गाडीच्या साधारण एकदशांश आकाराचे हे ट्रक माती, वाळू आणि दगडगोट्यांतून उड्या मारत जात. त्या काळी अशी गाडी आपल्याकडे आलीच, तर ती बहुधा परदेशातून परतणाऱ्या कुणा नातलगाच्या सामानातून येई. आज अशा जुन्या गाड्या हुडकून, दुरुस्त करून पुन्हा धावत्या करणारे शौकीन जगभर आहेत.

या ट्रकच्या पोटात दोन गोष्टी शेजारी-शेजारी नांदतात. एक, मालकाचा हुकूम वाहून आणणारी रेडिओ लहर. आणि दुसरी, मोटारीत उडणारी, त्या हुकमात व्यत्यय आणू पाहणारी ठिणगी. या दोहोंशी ज्याचे आयुष्य बांधले गेले, ज्याने तरुणपणी ठिणगीशी वैर मांडले आणि प्रौढपणी तिच्याशीच सख्य करून पहिली बिनतारी गाडी चालवून दाखवली, त्याचे नाव निकोला टेस्ला. त्याची ती गाडी जमिनीवर नव्हे, पाण्यावर चालणारी होती, एवढाच फरक.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिलियान या खेड्यात झाला. हे खेडे त्या वेळी ऑस्ट्रियन साम्राज्यात होते. आज ते क्रोएशियात आहे. घराणे सर्बियन, वडील मिलुतिन ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू. आई जुका हिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण घरकामाची लहानसहान अवजारे ती स्वतः घडवत असे आणि लांबलचक काव्ये तिला मुखोद्गत होती. आपली कल्पकता आईकडून आली, असे टेस्ला पुढे आवर्जून सांगत असे. थोरला भाऊ दाने बुद्धिमान म्हणून घरात कौतुकाचा. तो लहानपणीच अपघातात दगावला. त्याच्या मृत्यूची सावली धाकट्या निकोलावर दीर्घकाळ राहिली. मुलाने आपल्यासारखेच धर्मगुरू व्हावे ही वडिलांची इच्छा होती. परंतु हा मुलगा पटकीने मरणाच्या दारात जाऊन परतला, आणि त्या आजारपणात वडिलांनी त्याला अभियांत्रिकी शिकण्याची परवानगी दिली.

१८७५ साली तो ग्राझच्या तंत्रशाळेत दाखल झाला. तेथेच त्याची ठिणगीशी पहिली गाठ पडली. पॅरिसहून आणलेले ग्रामचे यंत्र प्राध्यापक पोश्ल वर्गात चालवून दाखवत होते. हे यंत्र जनित्र म्हणूनही चाले आणि मोटार म्हणूनही. त्या काळच्या सर्व मोटारींप्रमाणे त्यातही फिरत्या भागाला वीज पोहोचवण्यासाठी तांब्याच्या तुकड्यांचे एक कडे होते आणि त्यावर घासणारे ब्रश होते. या कड्याला कॉम्युटेटर म्हणतात. ते फिरताना ब्रश एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जातो, जोडणी तुटते, पुन्हा जुळते, आणि प्रत्येक तुटीबरोबर ठिणगी उडते. टेस्लाने ती पाहिली आणि हे ब्रश व कॉम्युटेटर काढूनच टाकता येणार नाहीत का, असा प्रश्न विचारला. प्राध्यापकांनी पुढच्या व्याख्यानात ही कल्पना कशी अशक्य आहे, हे सविस्तर सिद्ध केले. विद्यार्थी गप्प बसला. पण प्रश्न त्याच्या मनातून गेला नाही. पदवी न घेताच त्याने ग्राझ सोडले. मधल्या काळात जुगाराचे व्यसन जडले आणि सुटलेही, वडील वारले, प्रागमध्ये थोडे शिक्षण झाले आणि १८८१ साली तो बुडापेस्टच्या टेलिफोन केंद्रात नोकरीला लागला.

तेथे १८८२च्या फेब्रुवारीत, मावळतीच्या वेळी मित्रासह उद्यानात फिरताना, गटेचे काव्य म्हणत असतानाच त्याला उत्तर सापडले. त्याने हातातील काठीने वाळूत आकृती काढून ते मित्राला समजावले. उत्तर थोडक्यात असे होते: मोटारीच्या फिरत्या भागाला वीज द्यायचीच कशाला? बाहेरच्या स्थिर वेटोळ्यांतून प्रत्यावर्ती विद्युतधारा एकापाठोपाठ एक अशा क्रमाने सोडली, तर वेटोळी जागच्या जागी राहतात. पण त्यांचे चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागते. मधला भाग त्या फिरत्या क्षेत्रामागे आपोआप ओढला जातो. ब्रश नाही, कॉम्युटेटर नाही, त्यामुळे ठिणगीही नाही. आज आपल्या घरातील छताचा पंखा आणि शेतकऱ्याच्या विहिरीवरचा पंप याच तत्त्वाने चालतात. अशाच तत्त्वावर इटलीतील गॅलिलिओ फेरारिस स्वतंत्रपणे काम करत होता, हेही येथे नोंदवले पाहिजे.

पॅरिसमध्ये एडिसनच्या कंपनीत काम करून टेस्ला १८८४ साली न्यूयॉर्कला पोहोचला. एडिसनकडे तो सुमारे सहा महिने टिकला. एडिसनचा सारा व्यवसाय दिष्ट विद्युतधारेवर उभा होता आणि टेस्लाच्या डोक्यात प्रत्यावर्ती धारा होती. बाहेर पडून त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली. परंतु भांडवलदारांनी त्यालाच बाजूला सारले. १८८६-८७च्या हिवाळ्यात हा अभियंता न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर मजुरीने चर खणत होता. पुढच्याच वर्षी नवे पाठीराखे मिळाले, प्रयोगशाळा मिळाली, आणि १ मे १८८८ रोजी त्याच्या मोटारीला व वीजवहनाच्या पद्धतीला पेटंट मिळाली. पिट्सबर्गचे उद्योगपती जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी ती विकत घेतली. करारात प्रत्येक अश्वशक्तीमागे स्वामित्वशुल्काची तरतूद होती. पुढे वेस्टिंगहाउसची कंपनी अडचणीत आली, तेव्हा टेस्लाने एकरकमी मोबदला घेऊन या शुल्कावर पाणी सोडले. ते शुल्क चालू राहते तर तो अमेरिकेतील अतिश्रीमंतांत गणला गेला असता.

१८९३ साली शिकागोचे विश्वप्रदर्शन प्रत्यावर्ती विजेच्या दिव्यांनी उजळले. १८९६च्या नोव्हेंबरात नायगारा धबधब्यावर निर्माण झालेली वीज बफेलो शहरात पोहोचली. दूर डोंगरात वीज निर्माण करून ती शहरात वापरण्याचे युग सुरू झाले होते. आपल्याकडे १९१५ साली टाटांच्या खोपोली केंद्रातून मुंबईच्या कापड गिरण्यांना जलविद्युत मिळू लागली, ती याच पद्धतीने. चाळिशीच्या टेस्लाचे नाव सर्वतोमुखी झाले होते. न्यूयॉर्कमध्ये १८९६ साली स्वामी विवेकानंदांची आणि त्याची भेट झाली, तीही याच भराच्या काळात.

नेमक्या याच काळात टेस्ला ठिणगीकडे परत वळला. वैरी म्हणून नव्हे, सोबती म्हणून. हाइन्रिश हर्ट्झने १८८०च्या दशकाच्या अखेरीस ठिणगीतून विद्युतचुंबकीय लहरी निघतात, हे दाखवून दिले होते. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली अशाच लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि दारू उडवली. टेस्लाने १८९१ साली बनवलेले त्याचे प्रसिद्ध वेटोळे लाखो व्होल्टचा दाब निर्माण करून लांबच लांब ठिणग्या पाडत असे. १३ मार्च १८९५ रोजी त्याची प्रयोगशाळा आगीत भस्मसात झाली. उपकरणे, टिपणे, सारे गेले. त्याने ह्यूस्टन स्ट्रीटवर नव्याने मांडामांड केली, आणि त्या नव्या प्रयोगशाळेतून जे पहिले मोठे आश्चर्य बाहेर पडले, ती होती एक छोटी नौका.

१८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरलेल्या विद्युत प्रदर्शनाशी या नौकेचे नाव जोडलेले आहे. पाण्याने भरलेल्या हौदात सुमारे चार फुटांची ही नौका सोडलेली असे. ना तिला दोरी, ना तार, ना आत माणूस. टेस्ला बाजूला उभा राहून एका पेटीवरचा दांडा हलवी आणि नौका वळे, थांबे, दिवे उघडझाप करी. प्रेक्षकांना हे पटणे कठीण होते. आत प्रशिक्षित माकड दडवले आहे इथपासून मनःशक्तीने नौका हलवली जाते इथपर्यंत तर्क केले गेले, असे सांगतात. टेस्लालाही गंमत करण्याची हौस होती. कुणी चौसष्टचे घनमूळ विचारले, की नौकेचे दिवे चार वेळा लुकलुकत.

नौकेच्या पोटात काय होते, हे तिच्या पेटंटमध्ये तपशिलाने दिलेले आहे. ते ८ नोव्हेंबर १८९८ रोजी मिळालेले ६१३८०९ क्रमांकाचे अमेरिकन पेटंट होय. बॅटरी, पंखा फिरवणारी मोटार, सुकाणू वळवणारी दुसरी मोटार, आणि लहर ओळखणारा ग्राहक. हा ग्राहक म्हणजे धातूची भुकटी भरलेली नळी. एरवी भुकटीतून वीज जात नाही; रेडिओ लहर आली, की कण एकमेकांना चिकटतात आणि वाट मोकळी होते. अडचण अशी, की एकदा चिकटलेले कण आपणहून सुटत नाहीत. म्हणून प्रत्येक हुकमानंतर नळी आपोआप उलटी करण्याची योजना टेस्लाने केली होती. भुकटी पुन्हा मोकळी होई आणि नौका पुढच्या हुकमासाठी सज्ज होई. प्रत्येक लहरीसरशी एक चकती एकेक घर पुढे सरके आणि त्यानुसार सुकाणू डावीकडे, मध्ये किंवा उजवीकडे जाई.

बॅटरी, चालवणारी मोटार, वळवणारी मोटार आणि ग्राहक: १९७९च्या सँड स्कॉर्चरचे पोट उघडले, तर हीच चार माणसे तेथे भेटतात. त्यामुळे अशा जुन्या ट्रकची निगा राखणे म्हणजे टेस्लाच्या नौकेतील एकेका भागाची विचारपूस करणे होय. पहिली बॅटरी. त्या काळी सहा निकेल-कॅडमियम सेलचा, ७.२ व्होल्टचा संच वापरत. तो वर्षानुवर्षे गाडीत तसाच राहिला, की गळतो आणि जोडण्यांना गंज चढतो. म्हणून गाडी ठेवून देताना बॅटरी काढणे हा पहिला नियम. त्यानंतर वेगनियंत्रक. जुन्या ट्रकमध्ये तो इलेक्ट्रॉनिक नसे. एक छोटी मोटार तांब्याची पट्टी पुढेमागे सरकवी आणि कमी वेगासाठी वीज एका रोधकातून वळवली जाई. सरकणाऱ्या त्या पट्टीवर ठिणग्यांची काजळी धरते. ती बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने पुसावी लागते, नाही तर ट्रक गचके देतो. रोधक चांगलाच तापतो. त्याला हवा लागेल, असे पाहावे लागते.

मग मुख्य मोटार. येथे टेस्लाने ग्राझमध्ये पाहिलेली ठिणगी आपल्याला पुन्हा भेटते. बॅटरीची वीज दिष्ट असल्याने नौकेतही आणि या ट्रकमध्येही ब्रश आणि कॉम्युटेटर सुटले नाहीत. कार्बनचे ब्रश झिजतात, त्यांची काळी पूड साचते. मोटारीच्या दोन्ही टोकांच्या बुशांना हलक्या तेलाचा एखादा थेंब पुरतो. तो कॉम्युटेटरवर गेला, तर फायद्यापेक्षा तोटा अधिक. आणि मोटारीच्या पाठीवर तीन चिमुकले कपॅसिटर डाख दिलेले असतात: एक दोन्ही टोकांच्या मध्ये आणि एकेक प्रत्येक टोकापासून मोटारीच्या पत्र्याच्या कवचापर्यंत. त्यांचे काम ठिणगीचा रेडिओ गोंगाट जागच्या जागी गिळून टाकणे. यांतील एखाद्याची तार तुटली, की गाडी धावते खरी. पण चाके थरथरू लागतात, जरा लांब गेली की ती ऐकेनाशी होते, आणि मालक मात्र ग्राहकात बिघाड शोधत बसतो. दोष हुकूम ऐकणाऱ्यात नसतो, शेजारी ओरडणाऱ्यात असतो.

राहिला ग्राहक. धातूच्या भुकटीची जागा ट्रान्झिस्टरने घेतली आणि त्या काळातील बऱ्याच गाड्या २७ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलू लागल्या. दोन गाड्यांचे हुकूम एकमेकींत मिसळू नयेत म्हणून प्रक्षेपक आणि ग्राहक यांत जोडीने येणारे स्फटिक बसवत. ही जोडी मोडू नये, दोघांची अदलाबदल करू नये, आणि लोंबणारी ॲन्टेनाची तार लांब वाटते म्हणून कापू नये. तिची लांबी ठरवून दिलेली असते. शिवाय रबरी चाके कडक होऊन तडकतात. त्यांच्यावर गाडीचा भार राहू नये म्हणून ट्रक ठोकळ्यावर चढवून ठेवतात. सांगायचे एवढेच, की या यंत्रांचे आयुष्य ती बनवणाऱ्याच्या प्रतिभेवर जेवढे अवलंबून असते, तेवढेच नंतर कापूस आणि ब्रश घेऊन बसणाऱ्या हातांवर असते.

टेस्लाच्या आयुष्यात हे दुसरे हात नव्हते, आणि त्याचे स्वतःचे हात निगेसाठी कधी थांबले नाहीत. बिनतारी नौकेत त्याने अमेरिकेच्या आरमाराला रस निर्माण करण्याचा प्रयत्न केला, तो फसला. एका नौकेचा हुकूम दुसरीने ऐकू नये म्हणून दोन वेगवेगळ्या कंप्रता एकत्र जुळल्या तरच यंत्र हलेल, अशी युक्ती त्याने शोधली. तिची पेटंट १९०३ साली मिळाली. परंतु तोवर त्याचे लक्ष दुसरीकडे गेले होते. नौका बाजूला पडली. रेडिओच्या हुकमाने चालणारी वाहने पुढे इतरांनी, युद्धांच्या गरजेतून आणि छंदाच्या ओढीतून, सुधारत नेली.

१८९९च्या मे महिन्यात तो कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे गेला. तेथील उंच पठारावर त्याने प्रचंड वेटोळे उभारले आणि कित्येक मीटर लांबीच्या कृत्रिम विजा पाडल्या. याच मुक्कामात एका रात्री त्याच्या ग्राहकावर एका लयीत येणारे ठोके उमटले. त्यांत वादळी विजेचा अनियमितपणा नव्हता. हा दुसऱ्या एखाद्या ग्रहाकडून आलेला संदेश असावा, असे त्याच्या मनाने घेतले, आणि १९०१ साली त्याने ते जाहीरही केले. जगाने थट्टा केली. ते ठोके कशाचे होते, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. मार्कोनीचे प्रयोग, पृथ्वीच्या वातावरणातील घडामोडी, गुरू ग्रहाच्या परिसरातून येणाऱ्या लहरी, असे अनेक तर्क आहेत.

या प्रसंगातील खरी उणीव कल्पनाशक्तीची नव्हती, पडताळणीची होती. आलेली लहर आकाशातून आली, की शेजारच्या ठिणगीतून, हे ठरवण्याची पद्धत त्याच्यापाशी नव्हती. ती तीन दशकांनी कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याने दाखवली. दूरध्वनी सेवेत व्यत्यय आणणारी खरखर कुठून येते, हे शोधण्याचे कंटाळवाणे काम त्याला नेमून दिले होते. १४.६ मीटर तरंगलांबीवर तो महिनोन्‌महिने नोंदी घेत राहिला. वादळांची खरखर वेगळी काढल्यावर एक मंद आवाज उरला, आणि तो दररोज सुमारे चार मिनिटे लवकर येत होता. ताऱ्यांचे उगवणे असेच रोज चार मिनिटांनी अलीकडे येते. १९३३ साली जान्स्कीने जाहीर केले, की हा आवाज आकाशगंगेच्या केंद्राकडून येत आहे. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म असा खरखरीची नोंद ठेवण्यातून झाला. खोडदचे शास्त्रज्ञ आणि अभियंते आजही एकीकडे तारे ऐकतात आणि दुसरीकडे ठिणग्यांचा माग काढतात. पहिले काम दुसऱ्याशिवाय होतच नाही.

टेस्ला मात्र पुढे धावत होता. १९०१ साली बँकमालक जे. पी. मॉर्गन यांच्याकडून दीड लाख डॉलर घेऊन त्याने न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफ येथे उंच मनोरा बांधायला घेतला. येथून संदेशच नव्हे, तर वीजही बिनतारी जगभर पाठवायची होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मार्कोनीने कितीतरी साध्या साधनांनी अटलांटिक महासागरापार संकेत पाठवला. मॉर्गनने हात आखडता घेतला. मनोरा अर्धवट राहिला, आणि टेस्लाने राहत्या हॉटेलचे थकलेले बिल भागवण्यासाठी ती मालमत्ता लिहून दिली. १९१७ साली मनोरा पाडून भंगारात काढण्यात आला. त्याच वर्षी अमेरिकेच्या विद्युत अभियंत्यांनी त्याला एडिसनच्या नावाचे पदक दिले, हा योगायोग बोलका आहे.

यानंतरची पंचवीस वर्षे उतरणीची होती. तो एका हॉटेलातून दुसऱ्यात जाई, मागे बिले राहत. अविवाहित, अत्यंत टापटिपीचा, जंतूंना घाबरणारा, तीनने भाग जाणाऱ्या संख्यांचा हट्ट धरणारा हा माणूस संध्याकाळी उद्यानात कबुतरांना दाणे टाकताना दिसे. जखमी कबुतरे तो खोलीवर आणून त्यांची शुश्रूषा करी. ज्याने आपल्या यंत्रांची, पेटंटांची आणि पैशांची निगा कधी राखली नाही, त्याने ती उतारवयात पाखरांची राखली. १९३४पासून वेस्टिंगहाउस कंपनी त्याला दरमहा १२५ डॉलर आणि खोलीचे भाडे देऊ लागली. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कर हॉटेलच्या ३३२७ क्रमांकाच्या खोलीत वयाच्या ८६व्या वर्षी त्याचे निधन झाले. ३३२७ या संख्येला तीनने भाग जातो. आणि तिच्यातील मजल्याच्या आकड्याला, ३३लाही, जातो. पाच महिन्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनीच्या रेडिओ पेटंटमधील काही महत्त्वाचे दावे रद्द ठरवले. त्या निकालात टेस्लाच्या आधीच्या कामाचीही दखल होती.

त्याचे जे टिकले ते इतरांनी जपले म्हणून. त्याच्या कागदपत्रांच्या पेट्या बेलग्रेडला गेल्या आणि तेथे १९५२ साली त्याच्या नावाचे संग्रहालय स्थापन झाले. १९६० साली चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेच्या एककाला त्याचे नाव मिळाले. वॉर्डनक्लिफची जागा सामान्य लोकांच्या वर्गणीतून २०१३ साली विकत घेण्यात आली. आणि ग्राझच्या वर्गात विचारलेला त्याचा प्रश्न अखेर खेळण्यातील ट्रकपर्यंत पोहोचला. आजच्या नव्या गाड्यांत ब्रश नसलेल्या मोटारी असतात. बॅटरीच्या दिष्ट विजेपासून इलेक्ट्रॉनिक मंडल फिरते चुंबकीय क्षेत्र तयार करते, आणि कॉम्युटेटरची ठिणगी उडत नाही. तिच्या जागी वेगाने उघडझाप करणाऱ्या मंडलांचा नवा गोंगाट आला आहे. एलईडी दिवे आणि चार्जर यांच्यातही अशीच मंडले असतात, त्यामुळे खोडदची चिंता संपलेली नाही. तिचे रूप तेवढे बदलले आहे.

दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. शाळा-महाविद्यालयांतील हजारो विद्यार्थी आपापले प्रयोग घेऊन येतात आणि त्या थाळ्या जवळून पाहतात. टेस्लाचे चरित्र अशा मुलांना बहुधा विजांच्या लोळांत बसलेल्या जादूगाराचे म्हणून सांगितले जाते. त्यांनी ते जरूर ऐकावे. पण त्याच्या नौकेतील ती भुकटीची नळीही त्यांना दाखवली जावी: प्रत्येक हुकमानंतर उलटी होऊन, कण झटकून, पुढचा शब्द ऐकण्यासाठी पुन्हा तयार होणारी.